फिजिक्सचं प्रॅक्टिकल : उत्तर आधीच पाठ असेल तर मुलांनी शोधायचं काय?

चुंबकसूची
तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. इथे शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, पालक आहेत, म्हणून हा विषय मांडतेय.

सिंपल पेंड्युलमचा, म्हणजे दोऱ्याला टांगलेल्या गोळ्याचा प्रयोग घ्या. दोऱ्याची लांबी बदलायची, वीस हेलकाव्यांना लागणारा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्व त्वरण, म्हणजे जी काढायचा. बॅचमधल्या जवळपास प्रत्येक जर्नलात उत्तर ९.८. कुणाचं ९.७९, कुणाचं ९.८१. स्टॉपवॉच दाबताना प्रत्येकाचा हात थोडा पुढे-मागे होतो, पट्टी वाचताना डोळा तिरका पडतो, तरी सगळ्यांचं उत्तर एकाच जागी. मुलं उत्तरावरून उलटं मागे येत रीडिंग लिहितात, हे उघड आहे.

मी मुलांना दोष देत नाही. बारावीच्या १०० गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकाचे, आणि 'उत्तर चुकलं तर गुण गेले' हे त्यांनी कुठूनतरी ऐकलेलं असतं. सूत्र मी फळ्यावर आधीच सिद्ध केलेलं असतं. ९.८ दहावीपासून पाठ. मग प्रयोगशाळेत आल्यावर त्यांना शोधायला काय उरतं?

आधी प्रयोग, मग फळा असं कुणी करून पाहिलंय का? मोठ्या वर्गात ते जमतं का? आणि मुलं खरी रीडिंग लिहायला लागतील यासाठी काय केलंत? सविस्तर लिहा, वाचायला वेळ आहे.

कर्वेनगरकर
आमच्या कॉलेजात पूर्ण बॅचने एकाच मुलीच्या जर्नलवरून उतरवलं होतं. तिच्या वहीत एका आकृतीवर शाई सांडली होती. बाकी सगळ्यांनी ती आकृती नेमकी तेवढीच अर्धी काढली. सर्टिफायही झाली!

जुना_खडू
चुंबकसूची ताई, मी आयुष्यभर हेच शिकवलं, आता निवृत्त आहे. माझा अनुभव असा की पेंड्युलमच्या प्रयोगातलं चुकलेलं उत्तर बरोबर उत्तरापेक्षा जास्त शिकवतं, फक्त ते शिक्षकाला वाचता यायला हवं.

कुणाचा जी १०.८ आला की मी वही न उघडता सांगायचो, "गोळा सोडताना तू 'एक' म्हणालास." सोडताना 'शून्य' म्हणायचं असतं. 'एक' म्हटलं की वीस म्हणेपर्यंत प्रत्यक्षात १९ हेलकावे झालेले असतात. दोलनकाल, म्हणजे एका हेलकाव्याचा वेळ, ५ टक्क्यांनी कमी येतो. जी दोलनकालाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे तो जवळजवळ ११ टक्क्यांनी चढतो. ९.७८ चे १०.८ होतात. मुलांना ही जादू वाटते, आणि मग 'सर, माझं काय चुकलं ते ओळखा' म्हणत रांग लागते.

दुसरी चूक लांबीची. दोरा फक्त हुकपर्यंत मोजला आणि गोळ्याची त्रिज्या धरली नाही, तर एक मीटर लांबीला एक सेंटीमीटर, म्हणजे १ टक्का कमी. पन्नास सेंटीमीटरला तोच सेंटीमीटर २ टक्के होतो. म्हणून या मुलाचा जी लांबी कमी होईल तसा घसरत जातो. आता त्याला दोलनकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख काढायला सांगा. रेषा सरळच येते, चढही बरोबर येतो, पण ती शून्यातून जात नाही. मागे वाढवली तर लांबीच्या अक्षाला शून्याच्या अलीकडे एक सेंटीमीटरवर छेदते. तो एक सेंटीमीटर म्हणजे गोळ्याची त्रिज्या! मग व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) देऊन गोळा मोजायला लावायचा. जे मोजायला विसरलो ते आलेखातून परत हाती येतं, हे पाहिलेलं मूल आलेख कशासाठी काढायचा असं पुन्हा विचारत नाही.

आणि एक. आपण ज्या ९.८ साठी मुलांना छळतो तो आकडा सगळीकडे सारखा नाही. समुद्रसपाटीला विषुववृत्तावर ९.७८० आणि ध्रुवावर ९.८३२. आपल्या महाराष्ट्रात तो ९.७८-९.७९ च्या आसपास आहे. ज्याचं ९.७८ येतं त्याला आपण ९.८ धरून टक्केवारीची त्रुटी काढायला लावतो.

नभांगण
जुना_खडू सर, आलेखाची गोष्ट सुंदर आहे. शेवटच्या परिच्छेदाला मात्र माझी हरकत.

एक मीटरच्या पेंड्युलमचे वीस हेलकावे म्हणजे साधारण ४० सेकंद. सुरू करताना आणि थांबवताना मिळून हाताची चूक ०.२ सेकंद धरली तर तो अर्धा टक्का. जी मध्ये तो दुप्पट होतो, म्हणजे १ टक्का, म्हणजे ०.१. या प्रयोगात ९.७८ आणि ९.८१ मधला फरक दिसूच शकत नाही. ज्याचं ९.७० आलं तो मुलगाही तेवढाच योग्य आहे. त्यामुळे मुलांना कुठलाही 'खरा' आकडा देऊच नये. '९.७ अधिक-उणे ०.१' असं लिहायला लावावं आणि ते ०.१ कुठून आलं ते विचारावं. बीएस्सीला येईपर्यंत आम्हाला हे कुणी विचारलं नव्हतं.

जुना_खडू
नभांगण, तुमचं गणित बरोबर, आणि म्हणूनच मी हुशार गटांना वीसऐवजी पन्नास हेलकावे मोजायला लावायचो. हाताची चूक तेवढीच राहते, वेळ अडीचपट होतो. चूक कमी कशी करायची हे सुचणं हाही प्रयोगच.

रँक_पाहिजे
सध्या बारावीत आहे. स्पष्ट लिहितो. जेईईच्या दोन्ही परीक्षांत प्रॅक्टिकल नाही. आठवड्यातून तीन तास लॅबमध्ये तार जोडण्यात घालवण्यापेक्षा त्या वेळात किती गणितं होतात याचा विचार करा. माझे बहुतेक मित्र 'इंटिग्रेटेड' (कॉलेज आणि क्लास एकत्र) कॉलेजात आहेत, ते परीक्षेच्या आधीच काय तो लॅबचा चेहरा बघतात. त्यांचं काही अडलेलं नाही.

नीटवाली_आई
@रँक_पाहिजे, नीटच्या अभ्यासक्रमात फिजिक्सचं विसावं युनिटच 'प्रायोगिक कौशल्ये' आहे. व्हर्निअर, स्क्रू गेज, पेंड्युलम, मीटर ब्रिज (विद्युतरोध मोजायचं उपकरण), सगळं त्यात. माझ्या मुलीला स्क्रू गेजच्या शून्य त्रुटीचं (मध्ये काही नसतानाही यंत्र जे माप दाखवतं त्याचं) चिन्ह पुस्तकावरून कधीच लक्षात राहिलं नाही. हातात घेऊन एकदा फिरवलं आणि पक्कं झालं.

मानखुर्द_लोकल
आणि ऑलिंपियाडचं काय? आंतरराष्ट्रीय फिजिक्स ऑलिंपियाडमध्ये ५० पैकी २० गुण प्रयोगाला असतात. लेखी परीक्षा पाच तास, प्रयोगाची परीक्षाही पाच तास. २०१५ ला ते मुंबईतच झालं होतं. भारतीय संघाची तयारी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होते, आणि तिथे प्रयोगांवर भरपूर वेळ दिला जातो. गणितं सोडवण्यात पटाईत असलेली मुलं तिथे पहिल्यांदा यंत्र हातात आल्यावर गांगरतात, असं शिकवणारे सांगतात.

लहान मुलांसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, सहावी आणि नववीसाठी. तिच्यातही प्रयोगाची वेगळी फेरी असते.

कार्यकारण
रँक_पाहिजे यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण त्यात काही अंशी तथ्य आहे.

नताशा होम्स आणि कार्ल वायमन (वायमन म्हणजे २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले, नंतर पूर्णवेळ विज्ञानशिक्षणाच्या संशोधनाकडे वळलेले) यांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांमधले सुरुवातीचे कोर्स तपासले. जिथे लॅब ऐच्छिक होती तिथे लॅब केलेली आणि न केलेली मुलं यांची तुलना केली. ज्या संकल्पना लॅबमध्ये 'पक्क्या' व्हायला हव्या होत्या त्यांवरच्या परीक्षेतल्या प्रश्नांत दोघांमध्ये मोजण्याजोगा फरक निघाला नाही. २०१८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

यातून 'लॅब बंद करा' असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. ते म्हणतात की वर्गात सांगितलेलं खरं आहे हे दाखवायला लॅब वापरली तर ती वाया जाते. मापनावर किती विश्वास ठेवायचा, दोन आकडे वेगळे आहेत की सारखेच, प्रयोग सुधारायचा कसा, हे ठरवायला शिकवलं तर तिचा उपयोग. चुंबकसूची ताईंची तक्रार नेमकी हीच आहे.

आणि नुसता फळाही पुरत नाही. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ कोर्समधल्या ६५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. यांत्रिकीची एकच संकल्पना चाचणी सुरुवातीला आणि शेवटी. फक्त व्याख्यान असलेल्या वर्गांत, जेवढी सुधारणा शक्य होती त्यातली सरासरी २३ टक्के झाली. जिथे मुलांना अंदाज बांधायला, शेजाऱ्याशी वाद घालायला, करून बघायला लावलं तिथे ४८ टक्के.

रँक_पाहिजे
@कार्यकारण, ही माहिती नवीन आहे. पण आमच्याकडे असं शिकवणारे सर कुठून आणायचे?

सातपुडा_गुरुजी
जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, सहावी ते आठवी. लॅब म्हणून एक लोखंडी पेटी. तरी 'आधी प्रयोग, मग फळा' मी रोज करतो, म्हणून लिहितो.

घरातून आजीचा वाचायचा चष्मा आणायला सांगायचा. खोलीचं दार लोटून अंधार करायचा. समोरच्या भिंतीवर चष्म्याच्या काचेने बाहेरच्या झाडाची प्रतिमा पाडायची. झाड उलटं दिसतं! वर्गात जो गलका होतो तो मी थांबवत नाही. मग पट्टीने काच ते भिंत अंतर मोजायचं. ५० सेंटीमीटर आलं की सांगायचं, हा चष्मा दोन नंबरचा. मूल घरी जाऊन आजीला विचारतं आणि दुसऱ्या दिवशी पळत येतं. हे काच ते भिंत अंतर म्हणजे नाभीय अंतर, आणि एक भागिले मीटरमधलं नाभीय अंतर म्हणजे नंबर, हे नंतर सांगायचं. इथे उत्तर चष्मेवाल्याला माहीत असतं, पुस्तकात छापलेलं नसतं. त्यामुळे ढापायला वावच नाही.

आता खरी मजा. मेणबत्तीची प्रतिमा पडद्यावर पाडून ठेवायची आणि विचारायचं, "काचेचा वरचा अर्धा भाग मी कागदाने झाकणार आहे. काय दिसेल?" वहीत लिहायचं, नाव घालायचं, मग हात वर करायचे. बहुतेक जण म्हणतात ज्योत अर्धी दिसेल. वरची अर्धी की खालची अर्धी, यावर दोन पक्ष पडतात आणि कडाक्याचं भांडण होतं. मग झाकायचं. ज्योत पूर्णच दिसते, फक्त मंद होते. त्या क्षणी मुलं स्वतःहून म्हणतात, "गुरुजी, असं कसं?" आता खडू उचलायचा. ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासून किरण पूर्ण भिंगावर पडतात, अर्धे अडले तरी उरलेले त्याच जागी जाऊन मिळतात. हीच आकृती आधी काढली असती तर वहीत उतरवून मोकळी झाली असती.

शहरातल्या अकरावीच्या मुलांनाही हा प्रश्न विचारा. उत्तरं तीच येतील.

चुंबकसूची
गुरुजी, विचारला. उत्तरं तीच आली. अगदी दोन पक्षांसह.

काचकागद
मी शिक्षक नाही. एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. टेबलाच्या या बाजूचंही ऐका.

कपाट कुलुपात का असतं? डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही. एक गॅल्व्हानोमीटर (बारीक विद्युतप्रवाह काट्याने दाखवणारं यंत्र) जळला की तो निर्लेखित करायला अर्ज, सह्या, समिती. तपासणीला वस्तू कमी भरली तर जबाब माझा. म्हणून बरेच जण वस्तू बाहेरच काढत नाहीत. कपाटात वर्षानुवर्षं नवीकोरी राहिलेली यंत्रं बघून वाईट वाटतं. ज्या संस्थेत प्राचार्य 'मोडलं तर मोडू दे, मी सही करतो' म्हणतात तिथे मुलांचे हात चालतात. इतकं सरळ आहे ते.

दुसरं, मुलं रीडिंग ढापतात त्याचं एक कारण यंत्र. मीटर ब्रिजची तार वर्षानुवर्षं जॉकी (तारेला टेकवायचं धातूचं टोक) घासून घासून झिजलेली असते. जॉकी उचलून टेकवायची असते, तारेवरून ओढायची नसते. ओढली की तार जागोजागी बारीक होते, आणि तार सगळीकडे सारखी जाड आहे हेच तर त्या प्रयोगाचं गृहीतक. मग उत्तर चुकतं आणि मूल समजतं की माझंच चुकलं. जोडायच्या तारांची टोकं काचकागदाने घासून चकचकीत केली नाहीत तर काटा नाचत राहतो. नल पॉइंट, म्हणजे काटा शून्यावर येतो ती जागा, तारेच्या मधल्या भागात यावा असा रेझिस्टन्स निवडायचा, टोकाला आला तर छोटी चूकही मोठी होते. मी बॅच यायच्या आधी प्रत्येक टेबलावर स्वतः एक रीडिंग घेऊन बघतो. हे माझ्या कामात लिहिलेलं नाही. पण त्याशिवाय मुलांना 'खरं रीडिंग लिहा' म्हणायला तोंड राहत नाही.

जुना_खडू
काचकागद, तुमच्यासारखा माणूस लॅबमध्ये असेल तर निम्मं शिक्षण तिथेच होतं.

कर्वेनगरकर
जॉकी ओढायची नसते हे मला आज कळलं. आमच्या अख्ख्या बॅचने ती घोड्यासारखी पळवली होती. नावच तसं आहे ना!

नर्मदातीर
माझं बालपण मध्य प्रदेशात गेलं, म्हणून एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ सरकारी शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ गावातल्या शिक्षकांबरोबर बसून प्रयोग रचत. पुढे १९८२ ला एकलव्य संस्था निघाली आणि तिने तो सांभाळला. शेकडो शाळांत पोचला. २००२ मध्ये सरकारने बंद केला.

त्या वह्यांत उत्तर छापलेलं नसे. मुलांनी चार-चारच्या टोळीत प्रयोग करायचा, आपापलं उत्तर फळ्यावर लिहायचं, वेगवेगळी उत्तरं का आली यावर चर्चा करायची. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा, आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी. या धाग्यावरच्या बऱ्याच प्रश्नांना तिथे उत्तरं शोधली गेली होती. मूल्यमापन बदललं की वर्ग बदलतो, हे त्यांनी करून दाखवलं. नुसती पुस्तकं बदलून ते झालं नसतं.

डेटापॅक
सगळं ठीक, पण आता सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरचे आभासी प्रयोग आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन फुकट आहेत, मराठीतही आहेत. सर्किट जोडा, पेंड्युलम चंद्रावर न्या, काही मोडत नाही, डेड स्टॉकची भानगड नाही. लॅबचा खर्च कशाला?

नभांगण
वापरा, मीही शिकवणीत वापरतो. चंद्रावरचा पेंड्युलम कॉलेजात दाखवता येत नाही. पण सिम्युलेशनमध्ये आपण घातलेलंच सूत्र परत बाहेर येतं. तिथे तार झिजत नाही, दोरा ताणत नाही, वारा लागत नाही. निसर्गाला प्रश्न विचारायचा असेल तर निसर्ग समोर हवा.

मोबाईलचा खरा उपयोग मोजायला. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलेलं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, फोनमधले सेन्सर त्यात थेट वाचता येतात. ध्वनीचा वेग मोजायचा माझा आवडता प्रयोग: दोन फोन पाच मीटरवर ठेवायचे, दोन्हींत आवाजावर चालणारं स्टॉपवॉच. पहिल्या फोनजवळ टाळी वाजवली की दोन्ही सुरू होतात, दूरचा जरा उशिरा. मग दुसऱ्याजवळ टाळी, दोन्ही थांबतात, या वेळी पहिला उशिरा. दोन्ही घड्याळांतला फरक म्हणजे ध्वनीला दहा मीटर जायला लागलेला वेळ, साधारण ०.०२९ सेकंद. नंतर तोच वेग अनुनाद नळीने (हवेच्या स्तंभाची लांबी बदलून आवाज घुमवायच्या नळीने) काढायचा आणि दोन आकडे जुळतात का ते बघायचं. मुलांना फोन आणायची बंदी असेल तर शिक्षकांचे दोन फोन पुरतात.

जवारी
अनुनाद नळीचा विषय निघाला म्हणून थोडं विषयांतर. मी मिरजेची. आमच्याकडे तंबोरे बनवणाऱ्यांची गल्लीच आहे. लहानपणी तारेची लांबी, ताण आणि जाडी यांनी स्वर कसा बदलतो हे मी कारागिरांच्या हातात बघितलं, सोनोमीटर, म्हणजे ताणलेल्या तारेचं लॅबमधलं उपकरण, नंतर आला. सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाच्या कामाआधी तंबोरा, वीणा, तबला, मृदंग यांच्या ध्वनीवर संशोधन केलं होतं. तबल्याच्या शाईमुळे त्याचे वरचे स्वर सुरात बसतात, साध्या ताणलेल्या चामड्याचे बसत नाहीत, हे १९२० च्या सुमाराचं त्यांचं काम. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला शाळाशाळांत रामन यांचा फोटो लागतो. त्या दिवशी एक तबला आणि एक तंबोरा वर्गात आणून ठेवावा अशी माझी फार इच्छा आहे.

सातपुडा_गुरुजी
ताई, आमच्या गावात ढोल आहेत. या वर्षी तेच करतो.

श्टुटगार्टकर
जर्मनीत बीएस्सी केलं. तिथल्या लॅबच्या वहीचे नियम सांगते, कारण मूळ प्रश्न वहीचाच आहे. पेनने लिहायचं. रीडिंग चुकलं वाटलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता यायला हवं, आणि शेजारी का खोडलं ते लिहायचं. पान फाडायचं नाही. जाताना सुपरवायझर कच्च्या आकड्यांवर सही करतो, घरी गेल्यावर आकडे बदलता येत नाहीत. उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही म्हणून माझा अहवाल कधी परत आला नाही. अनिश्चितता लिहिली नाही म्हणून मात्र आला.

परीक्षक_नगर
बोर्डाच्या प्रात्यक्षिकाला बऱ्याचदा एक्स्टर्नल म्हणून जातो. नियम सोडून काही करता येत नाही, वेळही थोडा असतो. पण श्टुटगार्टकर म्हणतात ती सही आपल्याकडेही शक्य आहे. प्रयोग संपताच कच्च्या रीडिंगवर शिक्षकांनी सही करायची, जर्नल मग घरी सुबक लिहू दे.

तोंडी परीक्षेत मी व्याख्या विचारत नाही. निरीक्षण तक्त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवून विचारतो, "हा बाकीच्यांपेक्षा जरा वेगळा का?" ज्याने खरंच मोजलंय तो दोन वाक्यांत सांगतो, पंखा चालू होता, दोरा हुकवर सरकला, काहीही. ढापलेल्या तक्त्यात असा वेगळा आकडाच नसतो. उत्तर ९.८ पासून दूर असलं तरी असं स्पष्टीकरण देणाऱ्याला मी चांगले गुण देतो. शिक्षकांनी मुलांना हे आधीच सांगावं, म्हणजे भीती जाईल.

चुंबकसूची
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून स्टाफरूममध्ये लावलंय, परीक्षक सरांचा प्रतिसाद सगळ्यात वर.

या आठवड्यात एका बॅचला पेंड्युलमचा प्रयोग वेगळा दिला. जी काढायचाच नाही. प्रश्न एकच: गोळा थोडा बाजूला नेऊन सोडला काय आणि खूप बाजूला नेऊन सोडला काय, वेळ सारखाच लागतो का? लांबी बरोबर एक मीटर, एकदा ५ अंशांतून, एकदा ३० अंशांतून, प्रत्येकी वीस हेलकावे. प्रकरणाचा हा भाग अजून शिकवलेला नाही. आधी अंदाज लिहून घेतला. निम्म्यांनी लिहिलं, मोठ्या कोनाला जास्त वेळ. काहींनी कमी लिहिलं, कारण वेग जास्त. एक-दोघांनी गूगलवर वाचून 'सारखाच' लिहिलं.

५ अंशांना गटांची रीडिंग ४०.१, ४०.२, ४०.३ अशी आली. ३० अंशांना ४०.६, ४०.७, एका गटाचं ४०.५. पहिल्यांदाच टेबलाटेबलावर वाद ऐकले. "हा फरक खरा आहे की तुझ्या अंगठ्याचा?" हे वाक्य एका मुलीने दुसरीला विचारलं, मी नाही. त्यांनी आपणहून पुन्हा मोजायला घेतलं. तास संपला तरी उठेनात. कच्च्या पानांवर सही केली.

आता माझी अडचण. मी घरी गणित केलं तर ३० अंशांना दोलनकाल १.७ टक्क्यांनी वाढायला हवा. म्हणजे ४०.२ चे ४०.९ व्हायला हवेत. कुणाचंच ४०.९ आलं नाही. पुढच्या तासाला त्यांना काय सांगू?

नभांगण
काही सांगू नका, विचारा: विसाव्या हेलकाव्याला कोन किती उरला होता? हवेच्या रोधामुळे आणि वरच्या टोकाच्या घर्षणामुळे ३० चे २०-२२ अंश झाले असणार. २० अंशांना वाढ फक्त ०.८ टक्के. सरासरी सव्वा टक्क्याच्या आसपास धरा, ०.५ सेकंद. मुलांची रीडिंग अगदी तिथेच आहेत. छान मोजलंय त्यांनी.

पुढच्या वेळी भिंतीवर मागे कोनमापक काढलेला कागद लावा आणि सुरुवातीचा व शेवटचा दोन्ही कोन नोंदवायला सांगा.

रँक_पाहिजे
३० अंशांचं मी आत्ता घरी करून बघितलं, चावीच्या जुडग्याला दोरा बांधून. कोन फारच लवकर कमी होतोय. दहाव्याच हेलकाव्याला अर्धा. असं का?

काचकागद
जुडगा हलका आणि पसरट आहे, हवा जास्त अडवते. शिवाय तो फिरतोही. लहान आणि जड गोळा घे, पितळेचा किंवा शिशाचा, लाकडी नको. वरची गाठ खिळ्याला सैल बांधू नकोस, दोरा तिथे घासतो आणि लांबीही बदलते. बूच उभं चिरून दोन फाकांमध्ये दोरा घट्ट धर, बुचाची खालची कड म्हणजे तुझी टांगायची जागा. गोळा आदल्या रात्री टांगून ठेव, दोरा ताणायचा तेवढा ताणून होईल. लांबी सकाळी मोज, गोळ्याच्या मध्यापर्यंत.

रँक_पाहिजे
बूच मिळालं. गोळा नाहीये. सायकलच्या दुकानात बॉल बेअरिंगमधला मोठा छर्रा मिळेल का बघतो, पण त्याला दोरा कसा बांधायचा?

काचकागद
बांधता येणार नाही, चिकटव. छर्रा आधी साबणाने धुऊन वंगण काढ, कोरडा कर, काचकागदाने एक ठिपका खरवडून घे आणि तिथे दोऱ्याचं टोक दोन भाग मिसळायच्या इपॉक्सीने लाव. रात्रभर सुकू दे.